पंचांची टोपी : तिचें धुणें आणि जपणूक

जत्रेंतला कुस्त्यांचा फड रंगांत आला म्हणजे लांबून पाहणारास प्रथम दिसते ती पंचाची टोपी. मल्लांचीं अंगें मातीनें एकरंग झालेलीं असतात, कोण वर आणि कोण खालीं हें दहा पावलांवरून ओळखूं येत नाहीं, हलगीच्या कडकडाटांत शब्द ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं पांढऱ्या टोपीचें तें एक डोकें खालीं वांकतें, दोन्ही खांदे मातीला टेकले कीं नाहीं हें पाहतें, आणि वर उठतें. निंबाच्या फांदीवर बसलेल्या पोरासहि तेवढ्यावरून निकाल कळतो. क्रिकेटच्या मैदानावर पंचाच्या डोक्यावरील रुंद कांठाची टोपी हेंच काम करिते. अमेरिकेंत त्यांच्या पद्धतीचा जो फुटबॉल खेळतात, त्यांत एकाच वेळीं अनेक पंच मैदानावर असतात. त्यांतील मुख्य पंचाची टोपी पांढरी व इतरांच्या काळ्या, असा तेथील रिवाज आहे. त्याच देशांतल्या बेसबॉलमध्यें चेंडू झेलणाऱ्याच्या पाठीमागें उभ्या राहणाऱ्या पंचाच्या टोपीची पुढची कड मुद्दाम आखूड ठेवितात, कारण तिच्यावर जाळीचा मुखवटा चढवावयाचा असतो. तेव्हां टोपी हें पंचाचें केवळ भूषण नव्हे. शिटी आणि घड्याळ यांच्या पंक्तीला बसणारें तें एक साधन आहे.

परंतु खेळ संपला कीं शिटी खिशांत जाते, घड्याळ मनगटावर राहतें, आणि टोपी मात्र तशीच घामट, ओली, घरच्या खुंटीला लटकते. कांहीं आठवड्यांत तिची कपाळाला टेकणारी पट्टी पिवळी पडते, पुढें तपकिरी होते. मग एखाद्या रविवारीं घरांतील कोणी तरी दयाबुद्धीनें ती उकळत्या पाण्यांत सोडा टाकून बुडवितें. त्या पाण्यांतून जें बाहेर निघतें तें पुन्हां डोक्यावर चढेलच असा भरंवसा नसतो.

बीड जिल्ह्यांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. पाटोद्याच्या राहुल आवारे यांनीं २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो वजनगटाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक. आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक पटकाविलें. बीडच्या सचिन धस यानें २०२४ सालच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत ९६ धावा काढल्या. अशा मुलांची पहिली झुंज, पहिली शर्यत, पहिला सामना कोठल्या तरी तालुक्याच्या मैदानावर होतो, आणि तेथें निकाल देणारा मनुष्य बहुधा शाळेंतला व्यायामशिक्षक किंवा वयानें निवृत्त झालेला मल्ल असतो. पेपरांत छायाचित्र येतें तें खेळाडूचें. पंच आपली टोपी पिशवींत घालून एस. टी. च्या गाडीनें घरीं परततो. शनिवारीं जत्रेचा फड आणि रविवारीं सकाळीं क्रिकेटचा सामना, असें उन्हाळ्यांत वारंवार घडतें; म्हणजे शनिवारीं रात्रीं धुतलेली टोपी रविवारीं सकाळीं वाळलेली हवी, आणि ती धुण्यास नळाला पाणीहि हवें. यांतली दुसरी अट पहिलीपेक्षां कठीण आहे.

प्रथम फडावरच्या टोपीचा विचार करूं. ही साधी, दुघडी, पांढऱ्या सुती कापडाची टोपी. १९२० च्या असहकाराच्या काळांत हिला गांधीटोपी हें नांव मिळालें आणि पुढें मराठी खेड्यानें तिला इतकें आपलेंसें केलें कीं तिचें राजकारण विसरलें गेलें व ती नुसती टोपी उरली. हिच्यावर एका दिवसांत पांच प्रकारचे डाग पडतात, आणि दुर्दैव असें कीं त्या पांचांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकाला जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्याला पक्का करून सोडतो.

तालमींतली व फडावरची माती ही शेतांतली माती नव्हे. ती तांबडी माती चाळून तींत तेल, ताक, हळद, लिंबू असे पदार्थ घालून ती मुरविलेली असते. मल्ल एकमेकांच्या अंगावर ती टाकितात, पंच चितपट पाहण्यासाठीं गुडघ्यावर येतो, आणि तीच माती त्याच्या टोपीवर बसते. निकाल लागला कीं विजयी मल्लास खांद्यावर घेऊन गुलाल उधळतात. तो पंचावरहि पडतोच. आंतून घाम आणि केंसांचें तेल. म्हणजे बाहेरून माती, हळद आणि गुलाल, आंतून घाम आणि तेल, असा पंचांच्या टोपीवर पांचांचा हल्ला असतो.

पहिला नियम असा कीं घरीं आल्याबरोबर टोपीस पाणी लावूं नये. बहुतेक टोप्या येथेंच बिघडतात. गुलाल कोरडा असेपर्यंत ती निव्वळ भुकटी असते. ओला झाला कीं तोच रंग बनतो आणि सुताच्या आंत शिरतो. म्हणून टोपी उलटी धरून मागल्या बाजूनें बोटांनीं टिचक्या माराव्या, म्हणजे भुकटी ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें खालीं पडते. मातीसहि तेंच. ओला चिखल असेल तर तो पूर्ण सुकूं द्यावा आणि मग मऊ ब्रशानें झाडावा. ओल्या मातीवर हात फिरविणें म्हणजे ती कापडांत भरणेंच होय. हें कोरडें काम पांच मिनिटांचें असतें, पण तें केलेलें नसेल तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते.

त्यानंतर गार पाणी, तेंहि डागाच्या पाठीमागून ओतावें. गरम पाण्यानें गुलालाचा उरलेला रंग आणि घामांतले कांहीं पदार्थ पक्के बसतात. मग साबण किंवा धुण्याची पावडर, आणि घामपट्टीवर ती थोडी अधिक लावून पंधरा मिनिटें मुरूं द्यावी, कारण तेथें खोबरेल असतें. जुनें तेल वाऱ्यानें बदलतें, चिकट व पिवळें होतें आणि मग साबणाला जुमानत नाहीं. आठ दिवसांचें तेल सहज निघतें, आठ महिन्यांचें निघत नाहीं. घामट टोपी त्याच दिवशीं धुवावी असें घरांतल्या वडीलधाऱ्या बायका सांगतात त्याचें कारण हें आहे.

हळदीचा चमत्कार तर प्रत्येक स्वयंपाकघरास ठाऊक आहे. पिवळ्या डागावर साबण लावतांच तो लालभडक होतो, आणि नवखा मनुष्य घाबरून आणखी साबण घांसूं लागतो. घाबरण्याचें कारण नाहीं. साबणांतील खारामुळें हळदीचा रंग बदलतो. पाण्यानें खार निघून गेला कीं तो पुन्हां पिवळा होतो. तो पिवळेपणा घालविणारा धोबी आकाशांत आहे. ओली टोपी दुपारच्या उन्हांत उघडी पसरून ठेविली असतां हळद हळूहळू फिकी पडते. दुसऱ्या दिवशीं पुन्हां ओली करून पुन्हां उन्हांत ठेवावी. बीडच्या उन्हाची निंदा पुष्कळ होते. हें एक पुण्यकर्म त्याच्या नांवावर जमा करावें.

माती झाडून, टोपी धुऊनहि तांबूस छटा राहिली तर ती लोखंडाच्या अंशाची असते. मातीला तांबडा रंग लोखंडाच्याच गंजानें येतो. यावर अनेक घरांत ब्लीचिंग पावडर वापरतात. ती चूक आहे. त्या पावडरीनें रंगाचे डाग उडतात, पण लोखंडाचा डाग जात नाहीं, उलट अधिक घट्ट होतो. तेथें लिंबाचा रस आणि मीठ लावून टोपी अर्धा तास उन्हांत ठेवावी, मग स्वच्छ धुवावी, हा आजीबाईचा उपाय शास्त्रालाहि मान्य आहे. मात्र एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून मोरीच्या भिंतीवर लावावी : लिंबू किंवा दुसरा कोणताहि आंबट पदार्थ आणि ब्लीचिंग पावडर हीं एकाच पाण्यांत कधींहि मिसळूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो, आणि लहान मोरींत तो प्राणावर बेतूं शकतो.

आतां पाण्याकडे वळलें पाहिजे. बीड जिल्ह्यांत सरासरीनें वर्षाला ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आष्टीकडे त्याहूनहि कमी. पाण्याची चिंता या भूमीला नवी नाहीं. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या अमदानींत बांधली गेली, आणि भुयारी कालव्यांनीं तिचें पाणी शेतांत नेलें गेलें. तरीहि २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्याची दशा अशी झाली कीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच एप्रिलांत मुंबई उच्च न्यायालयानें आज्ञा दिली कीं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत, कारण खेळपट्ट्या आणि हिरवळी भिजविण्यास लागणारें पाणी हा वादाचा मुद्दा झाला होता. मैदानाच्या पाण्याचा हिशोब न्यायालयापर्यंत गेला. टोपीच्या पाण्याचा हिशोब घरच्या घरींच करावा लागतो.

एक टोपी धुण्यास किती पाणी लागतें? नळाखालीं धरून धुतली तर बादली सहज संपते. परातींत धुतली तर दीड लिटर साबणाचें आणि दीड-दीड लिटरचे दोन विसळ, म्हणजे साडेचार लिटरांत काम भागतें. शेवटचा विसळ दुसऱ्या टोपीच्या साबणाला, आणि साबणाचें पाणी मोरी धुण्यास. यापलीकडे काटकसर करूं नये. साबण राहिलेली टोपी उन्हांत पिवळी पडते आणि कपाळाला खाज आणते.

पण पाणी थोडें असण्यापेक्षां तें जड असणें हा टोपीचा मोठा शत्रु आहे. काळ्या पाषाणांतून झिरपलेल्या विहिरींच्या आणि विंधनविहिरींच्या पाण्यांत चुन्याचे क्षार फार असतात. ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं त्या पाण्यांत साबणहि फेसाळत नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको. चुना आणि साबण यांचा संयोग होऊन एक पांढुरका, चिकट साका तयार होतो. तो सुतांत अडकतो, त्यावर धूळ बसते, आणि दरवेळीं धुतलेली टोपी दरवेळीं थोडी करडी होत जाते. लोक म्हणतात, कापड जुनें झालें. कापड जुनें झालेलें नसतें, त्यावर चुन्याचा लेप बसलेला असतो. अशा पाण्यांत जुन्या साबणाच्या वडीपेक्षां धुण्याची पावडर चांगली, कारण ती चुन्याशीं फारशी भांडत नाहीं. वडीच वापरावयाची तर पाण्यांत आधीं चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून तें अर्धा तास निवूं द्यावें, आणि तळाचा साका मागें ठेवून वरचें पाणी घ्यावें. पाणी उकळून थंड केल्यानेंहि चुन्याचा एक भाग भांड्याच्या तळाशीं बसतो. शेवटच्या विसळांत लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकिले तर राहिलेला साका सुटतो; अर्थात् त्या टोपीस ब्लीचिंग पावडर लागलेली नसावी. पावसाळ्यांत पन्हाळीखालचें पाणी भरून ठेवणारीं घरें आजहि आहेत. पांढऱ्या कापडासाठीं त्याहून उत्तम पाणी नाहीं.

नीळ आणि खळ हे फडावरच्या टोपीचे दोन अलंकार. नीळ पाण्यांत नीट विरघळली पाहिजे. जुन्या काळीं ती फडक्याच्या पुरचुंडींत बांधून पाण्यांत हलवीत, म्हणजे खडा सुटून निळे ठिपके पडत नसत. नीळ मळ काढीत नाहीं, फक्त पिवळेपणा झांकते. म्हणून मळक्या टोपीस नीळ देणें हा केवळ शिष्टाचार झाला. खळीसाठीं साबुदाण्याची किंवा तांदळाची पातळ पेज पुरेशी आहे. गाळून, कोमट असतांना टोपी बुडवावी, दाबून काढावी, आणि थोडी दमट असतांनाच इस्त्री करावी. डाग गेल्याची खात्री झाल्यावांचून इस्त्री मात्र करूं नये. इस्त्रीचा ताप राहिलेल्या डागाला कायमचा करितो. परिटाकडील भट्टीची टोपी फार कडक येते. ती दिसावयास छान, पण चार तासांच्या फडांत कपाळाला कांचते. पंचानें घडी मोडणार नाहीं इतकीच खळ घ्यावी.

क्रिकेटच्या पंचाची गोष्ट वेगळी. त्याला सहा-सात तास उघड्यावर उभें राहावें लागतें, आणि वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. दुघडी टोपीनें डोळ्यांवर, कानांवर वा मानेवर सावली पडत नाहीं. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या पंचाच्या डोक्यावर रुंद कांठाची, पातळ सुताची, बिनखळीची टोपी असावी. खळीनें कापडाचीं छिद्रें बुजतात आणि डोक्याची वाफ आंतच कोंडते. उपाहाराच्या सुट्टींत टोपी पाण्यांत बुडवून, दाबून पुन्हां घालणें हा उन्हावरचा उत्तम उतारा आहे, आणि त्याला खळीची टोपी निरुपयोगी. ती चिकट होते.

पुढें कड असलेली आधुनिक कॅप धुण्यापूर्वीं ती कड बोटांनीं वांकवून पाहावी. जुन्या टोप्यांत आंत पुठ्ठा असे. तो भिजला कीं फुगतो आणि पुन्हां कधींहि सरळ होत नाहीं. अशी टोपी पाण्यांत बुडवूंच नये. ओल्या फडक्यानें व मऊ दांतब्रशानें फक्त घामपट्टी साफ करावी. नवीन टोप्यांत बहुधा प्लॅस्टिकची पट्टी असते. ती पाणी सोसते, पण उकळतें पाणी सोसत नाहीं. धुण्याच्या यंत्रांत टाकल्यास ती मधोमध मोडते. गडद रंगाच्या टोपीचा रंग सुटतो कीं काय हें आंतल्या शिवणीवर ओलें पांढरें फडकें दाबून पाहावें. मिठाच्या पाण्यांत भिजविल्यानें रंग पक्का होतो अशी समजूत आहे. सुटणारा रंग मिठानें थांबत नाहीं, ती टोपी वेगळ्या पाण्यांत धुणें हाच मार्ग. लोकरीची टोपी असेल तर रिठ्याचें कोमट पाणी. लोकरीस ब्लीचिंग पावडर लागली तर लोकर विरून जाते.

धुतलेली टोपी पिळूं नये. पंचामध्यें घडी करून हलके दाबावें, आणि मग ती उलट्या पातेल्यावर चढवावी. सामान्य माणसाच्या डोक्याचा घेर ५६ ते ५८ सेंटिमीटर असतो. सुमारें १८ सेंटिमीटर रुंदीचें पातेलें त्याला बरोबर बसतें. असें घरांत एक तरी असतेंच. त्यावर वाळलेली टोपी आटत नाहीं आणि आकार धरून राहते. पांढरी उन्हांत, रंगीत सावलींत. शनिवारच्या रात्रीं मात्र ऊन कोठून आणावें? पंचाच्या दोन घड्यांत दाबून बरेंचसें पाणी काढलें आणि पातेलें पंख्याखालीं ठेविलें, तर बीडच्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत सुती टोपी पहांटेपर्यंत वाळते. तरीहि पंचापाशीं दोन टोप्या असाव्या हें बरें. दुसऱ्या टोपीची किंमत एका रात्रीच्या धावपळीपेक्षां जास्त नाहीं.

टोपी कोणाची कोणी घालूं नये, हाहि एक मुद्दा आहे. सामन्यांच्या वेळीं एका पेटींत पांच-सात टोप्या ठेवून ज्याला जी मिळेल ती घालावयाची, असें कांहीं ठिकाणीं चालतें. उवा आणि नायटा यांना याहून सोयीची वाट नाहीं. क्रिकेटमध्यें गोलंदाज षटक टाकतांना आपली टोपी पंचाच्या हातीं देतो ही जुनी रीत. २०२० सालीं साथीच्या काळांत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें ती थांबविण्याची सूचना केली होती. टोपीच्या आंतल्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनें नांव घातलें म्हणजे अदलाबदल होत नाहीं.

मृगाच्या सरी सुरू झाल्या कीं फड आणि सामने थंडावतात. तेव्हां टोपी जशी आहे तशी पेटींत टाकूं नये. खळ ही झुरळांची मेजवानी, आणि दमट हवेंत तिच्यावर बुरशी धरते. काळे ठिपके पडले कीं ते जात नाहींत. म्हणून हंगामाची शेवटची धुलाई खळीवांचून, निळीवांचून करावी, दोन उन्हें द्यावीं, आंत जुन्या धोतराचा बोळा भरून आकार राखावा, आणि निंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवींत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. श्रावणांत एखाद्या उघडीपीच्या दिवशीं बाहेर काढून वारा द्यावा. खळ द्यावयाची ती पुढल्या हंगामांत, पहिल्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळीं.